मनाईहुकूम आणि वर्दी
(वसंत व्याख्यानमालेत भाईंदर येथे दिलेले व्याख्यान)



एखादे राष्ट्र दुसऱ्या राष्ट्राच्या गोमांसाला वा गुराढोरांना आपल्या बंदरात मज्जाव करते, तेव्हा ती वार्ता आपण व्यापाराच्या पानावर वाचतो आणि दरांच्या चढउताराची गोष्ट म्हणून सोडून देतो. परंतु असा मनाईहुकूम ज्या रोगाच्या धास्तीने निघतो, त्या रोगाची वर्दी कोणी दिली, केव्हा दिली आणि देणाऱ्याचे पुढे काय झाले, ह्याचा विचार केल्यावाचून तो हुकूम न्याय्य की अन्याय्य हे ठरवता येत नाही, असे माझे मत आहे आणि तेच आज आपल्यापुढे सविस्तर मांडण्याचा माझा मानस आहे. मीरा-भाईंदरच्या रहिवाशांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. काशिमिऱ्यावरून जाणाऱ्या अहमदाबादच्या हमरस्त्याने मुंबईच्या आसपासच्या तबेल्यांकडे जाफराबादी, मेहसाणी आणि मुऱ्हा जातीच्या म्हशी येतात, दूध देऊन भाकड झाल्या की पुन्हा बाहेर रवाना होतात, त्यांच्या जागी नव्या येतात. आणि जनावर ज्या वाटेने चालते त्याच वाटेने त्याचा रोगही चालतो.

ह्या विषयाशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. बुळकांडीने हिंदुस्थानातील गोठेच्या गोठे ओस पडत असता सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे १८८९ च्या डिसेंबरात पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात गुरांच्या रोगांचे संशोधन करणारी प्रयोगशाळा स्थापन झाली. तीच १८९३ साली कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली आणि आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे मूळ ठरली. रोगावर उपाय शोधण्याचे काम असे येथे चालू असतानाच रोग मात्र आगबोटीतून जगभर हिंडत होता. १९२० साली हिंदुस्थानातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरे बेल्जियममधील अँटवर्प बंदरात उतरली, त्यांच्याबरोबर बुळकांडी उतरली आणि तिने त्या देशातील गुरांत हाहाकार उडवला. पुढच्याच वर्षी ब्राझीलच्या साओ पावलो प्रांतात तीच साथ उद्भवली, आणि ज्या ब्राझीलच्या मळेवाल्यांनी येथले गीर आणि ओंगोल वळू मोठ्या हौसेने नेले होते, त्याच ब्राझीलने हिंदुस्थानच्या गुरांना दार बंद केले. ती बंदी अन्यायाची होती, असे मला म्हणवत नाही. पण युरोपातील राज्यकर्त्यांनी ह्या प्रसंगापासून जो धडा घेतला तो मला त्या बंदीहून मोलाचा वाटतो: २५ जानेवारी १९२४ रोजी पॅरिस येथे २८ राष्ट्रांनी करार करून पशुरोगांची एक आंतरराष्ट्रीय कचेरी उभी केली आणि आपल्या मुलुखात रोग दिसताच तिला इत्तला देण्याचे बंधन स्वतःवर घातले. निव्वळ दारे लावून घेऊन भागत नाही, शेजाऱ्याने खरे सांगितले पाहिजे, ही जाणीव त्या कराराच्या मुळाशी होती.

खरे सांगण्याची आणि न सांगण्याची किंमत किती वेगळी असते, ह्याची दोन उदाहरणे आपल्या स्मरणातली आहेत. २००१ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या एका कत्तलखान्यात डुकरांच्या अंगावर लाळ्या-खुरकुताचे फोड आढळले; माग काढता काढता तपास नॉर्थम्बरलंडमधील एका वराहपालकापर्यंत पोहोचला, ज्याने रोगाची वर्दी दिलीच नव्हती आणि त्या कसुराबद्दल जो पुढे न्यायालयात दोषी ठरला. तोवर साथ चहूकडे फैलावली होती. साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. ह्याउलट २०२५ च्या जानेवारीत बर्लिननजीक म्हशींच्या एका लहानशा कळपात हाच रोग निघाला, तेव्हा १९८८ पासून तेथे ह्या रोगाचे नाव नसतानाही जर्मनीने तो तत्काळ जाहीर केला. ब्रिटन, दक्षिण कोरिया इत्यादी देशांनी जर्मन मांस लागलीच रोखले, म्हणजे खरे बोलल्याची शिक्षा प्रथम भोगावीच लागली. परंतु रोग त्या एकाच कळपापुरता राहिला आणि वसंत ऋतू सरण्यापूर्वीच रोगमुक्तीचा दर्जा त्या देशाला परत मिळाला.

आपला देश ह्या व्यवहारात दुसऱ्या बाजूला, म्हणजे दार ठोठावणाऱ्याच्या जागी उभा आहे. गाईबैलांचे मांस भारतातून निर्यात होत नाही, आणि महाराष्ट्रात तर २०१५ पासून सबंध गोवंशाच्या हत्येस बंदी आहे. परदेशी जाते ते म्हशीचे, हाडे काढलेले मांस. हाडे का काढावयाची, हे बारकाईने पाहण्याजोगे आहे. कापल्यानंतर मांस दोन अंशांहून अधिक तपमानात निदान २४ तास मुरत ठेवले, की स्नायूंत आपोआप आम्ल तयार होते आणि त्या आम्लात लाळ्या-खुरकुताचा विषाणू तग धरू शकत नाही. तपासनीस पाठीच्या लांब स्नायूच्या मधोमध आम्लमापकाची सुई खुपसतो आणि पीएचचा आकडा सहाच्या खाली उतरला तरच मांस पुढे जाते. परंतु हाडांतील मगजात आणि लसिकाग्रंथींत हे आम्ल पोहोचत नाही, विषाणू तेथे दडून राहतो, म्हणून हाडे आणि ग्रंथी दोन्ही वेगळ्या कराव्या लागतात. अशा शर्ती घालून माल घेणारे राष्ट्र मला सरसकट दार बंद करणाऱ्या राष्ट्रापेक्षा अधिक जाणते वाटते, कारण रोग नेमका कोठे असतो आणि कोठे नसतो हे त्याने समजून घेतलेले असते.

हाच न्याय घरच्या मनाईहुकुमालाही लागू केला पाहिजे. २०२२ च्या ऑगस्टात जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातील चिनावल येथे गुरांच्या अंगावर लम्पीच्या गाठी दिसल्या. सप्टेंबरात शासनाने सबंध राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केले, गुरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली, आणि शेळ्यांच्या देवीची लस गावोगाव टोचली जाऊ लागली. दुधाविषयी अफवा उठल्या, वास्तविक हा रोग माणसाला होत नाही. मृत दुधाळ जनावरामागे ३०,०००, ओढकामाच्या जनावरामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये मदत ठरली, आणि ही तजवीज स्तुत्यच होती. पण ज्या शेतकऱ्याचे जनावर जगले, मात्र दूध आटले, किंवा ज्याला ऐन गरजेच्या वेळी बैल विकता आला नाही, त्याच्या हाती काय पडले? जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्याने रोगाची वर्दी देणे मालकावर बंधनकारक केले आहे, आणि ते योग्यही आहे. तथापि वर्दी दिली की बाजार बुडणार आणि न दिली तर निदान या आठवड्याचा बाजार साधणार, असा हिशेब ज्याच्यापुढे मांडून ठेवला आहे, त्या गरीब मालकाकडून केवळ कायद्याच्या धाकाने सत्याची अपेक्षा करणे मला कठोरपणाचे वाटते. म्हणून मनाईहुकूम ज्या कागदावर निघेल, त्याच कागदावर बंद बाजाराच्या नुकसानीची भरपाई नमूद असावी, आणि पहिली वर्दी देणाऱ्याच्या गोठ्यात किंवा तबेल्यात पशुवैद्य त्याच दिवशी पोहोचावा, अशी माझी शासनाकडे आणि येथील महानगरपालिकेकडे आग्रहाची मागणी आहे.