आधी कोणतं कपाट उघडायचं?

(वर्धा जिल्ह्यातील महिला कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



जिल्ह्यातल्या एका जुन्या वाचनालयानं दुर्मिळ पुस्तकं संगणकावर आणायचं ठरवलं. यादी करायला मीही गेले होते. पोथ्या, चरित्रं, पुढाऱ्यांची भाषणं भराभर यादीत आली. कोपऱ्यात बायकांच्या मासिकांचा सुतळीनं बांधलेला गठ्ठा होता. ‘त्यात काय, पाककृती आणि विणकाम,’ असं म्हणत कुणीतरी तो रद्दीकडे सरकवला. मी सुतळी सोडली. वरच्याच अंकात विधवेच्या वारसाहक्कावर लेख होता. पान उलटलं, तर कोपरा तुटून हातात आला.

ही पानं थांबणार नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यातलं आम्ल कागदाला आतून खातं. त्यात आपल्याकडचा उन्हाळा, पावसाळ्यातली ओल आणि कसर. म्हणून यंत्राखाली आधी कोणतं पान ठेवायचं, हा प्रश्न बायकांचाही आहे.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री पुरुष तुलना’ १८८२ साली छापलं गेलं. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. पुढं मात्र ते जवळजवळ विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रसिद्ध केलं, म्हणून आज आपण ते शिबिरांतून वाचतो. मधल्या ९३ वर्षांत उरलेल्या प्रती रद्दीत गेल्या असत्या तर?

आता आपल्या दाराशी या. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले. त्यांचं समग्र वाङ्मय इंग्रजीत १०० खंडांचं आहे आणि ते संगणकावरही वाचता येतं. ते व्हायलाच हवं होतं. पण त्यांना किती बायका पत्रं लिहीत! खंडांत आहेत ती गांधीजींची उत्तरं. बाईनं काय विचारलं होतं, ते बहुतेकदा त्या उत्तरावरून ताडावं लागतं. जतन करणारा कुणाचा आवाज पुरता ठेवतो आणि कुणाचा अर्धा, हे यावरून कळतं.

दुसरी गोष्ट नावाची. जुन्या लेखांखाली ‘एक भगिनी’ किंवा नवऱ्याच्या नावानं ‘सौ. अमुक’ असं असतं. सूचीत तेवढंच उतरवलं तर ती बाई शोधूनही सापडणार नाही. माहेरचं, सासरचं आणि टोपणनाव, जे जे कळेल ते सूचीत आलं पाहिजे.

कामाची रीतही समजून घेऊ. नाजूक पुस्तक काचेवर दाबू नये. आधार देऊन अर्धवट उघडं ठेवावं आणि वरून कॅमेऱ्यानं टिपावं. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नये. संगणकातली प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. आणि ‘आता फोटो निघाला’ म्हणून मूळ प्रत रद्दीत घालू नये.

शेवटी आपल्या स्वतःच्या पेट्यांबद्दल. आपल्या जिल्ह्यात सत्तरीच्या दशकापासून दारूबंदी आहे. तरी गावोगावच्या बायकांना दारूविरुद्ध निवेदनं द्यावी लागली. अंगठे उमटवलेले ते कागद, सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं, सभांच्या वह्या कुठे आहेत? कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत. तोही आपला वारसाच आहे. मात्र मारहाणीच्या तक्रारी, समुपदेशनाच्या नोंदी यांत त्या बाईचं घर उघडं पडतं. तिला विचारल्याशिवाय असं एकही पान सर्वांसमोर ठेवायचं नाही.

आपल्या गावातल्या वाचनालयात जा. तिथं बायकांचं लिहिलेलं काय काय आहे, याची साध्या वहीत यादी करा. निवड करणाऱ्या समितीत आपल्यापैकी एकजण घ्या, असा आग्रह धरा. पुढच्या बैठकीला येताना ती वही आणा. निवडीची यादी ठरण्याआधी आपली यादी त्यांच्या हातात पडली पाहिजे.