गिरणीचा बदलीवाला आणि कॉलेजचा तासिकावाला
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



परळ-लालबागच्या चाळींत वाढून कॉलेजात शिकवू लागलेल्या आम्हा मंडळींचा आपण सत्कार केलात, आभार. ‘प्रोफेसर साहेब’ म्हणालात, ऐकून बरे वाटले. पण घरच्या माणसांपुढे खरे तेच बोलावे. आमच्यातले कितीतरी जण साहेब नाहीत, तासिकेवर आहेत. जेवढे तास शिकवू तेवढ्याचेच पैसे. मे महिना बिनपगारी. जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा धाकधूक. एक तास दादरला, दुसरा गिरगावात, आणि डबा लोकलमध्ये!

आपल्या आजोबांना हे नवे नाही. गिरणीच्या गेटवर बदलीवाला रोज सकाळी उभा राही. कुणी गैरहजर असला तर काम, नाहीतर आल्या पावली घरी. शिकलो की हे गेट सुटेल असे आम्हाला वाटले होते. गेट सुटले नाही, त्यावरची पाटी तेवढी बदलली.

मग प्राध्यापक हा कामगार आहे की नाही? १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत शिक्षक ‘कामगार’ बसत नाही. पण संघटना करण्याचा हक्क संविधानाच्या १९व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला दिला आहे, तो कुणी काढून घेतलेला नाही. आणि बाबासाहेबांकडे पाहा. १९१८ ते १९२० या काळात सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे प्राध्यापक राहत होते परळच्या बी.आय.टी. चाळीत, कामगारांच्या शेजारी. त्यांनीच १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाचा हक्क आवळणाऱ्या बिलाविरुद्ध मुंबईत संप घडवला. प्राध्यापकीने त्यांना कामगारांपासून दूर नेले नाही.

मुंबईत प्राध्यापकांची ‘बुक्टू’ आहे, राज्यात ‘एम्फुक्टो’ आहे. ४ फेब्रुवारी २०१३ पासून प्राध्यापकांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि १९९१ ते २००० मध्ये लागलेल्या, नेट-सेट नसलेल्या शिक्षकांची सेवा, या मुख्य मागण्या. तीन महिन्यांनी, प्रकरण हायकोर्टात गेल्यावर, मे महिन्यात तो मागे घेतला गेला. अशा वेळी आई विचारते, ‘माझ्या पोराच्या निकालाचे काय?’ प्रश्न रास्त आहे. परीक्षा अडते तेव्हा आपलीच मुले अडतात. म्हणून लढताना पालकांना आधी विश्वासात घ्यावे, असे आमचे मत आहे. पण सहा-सहा कॉलेजे धुंडाळणारा मास्तर त्याच मुलांना नीट शिकवील कसा, हेही आपण विचारा.

एक गोष्ट युनियनलाही सांगायची आहे. गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नसत, कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला. एकजूट हवी तर खालच्या माणसाचे गाऱ्हाणे आधी घ्या, हा त्याचा अर्थ. आज कायम जागा भरल्या नाहीत तर राखीव जागाही कागदावरच राहतात. तेव्हा तासिकावाल्याची आणि राखीव जागांची मागणी यादीच्या शेवटी नको, पहिली हवी. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना वेतनश्रेणीचे किमान वेतन द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. तेही लढले म्हणूनच मिळाले.

बंधू-भगिनींनो, शिका आणि संघटित व्हा, असे बाबासाहेब सांगून गेले. पहिले आम्ही केले, दुसरे राहून गेले. म्हणून आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी तासिकेवर असेल तर नेमणूक लेखी मागा, प्रत्येक तासाची नोंद वहीत ठेवा, युनियनचे सभासद व्हा. ‘युनियनच्या भानगडीत पडू नकोस’ असे तेवढे म्हणू नका. आजोबांच्या बदलीच्या दिवसांची आठवण ठेवा.

जयभीम!