पोलादाची आयात आणि सळईचा भाव
(टिळकवाडी, बेळगाव येथे बांधकाम व्यावसायिकांपुढे केलेले भाषण)



परदेशी सळई बाजारात आली की आपल्याकडील भाव उतरतो, असा समज आपल्या व्यवसायात रूढ आहे. तो कितपत खरा आहे, हे तपासून पाहणे हिताचे ठरेल.

जानेवारी १९९२ पर्यंत मोठ्या कारखान्यांच्या पोलादाचे भाव संयुक्त संयंत्र समिती जाहीर करीत असे, आणि वाहतूकखर्चाच्या समानीकरणामुळे ते देशभर जवळजवळ सारखे राहत. नियंत्रण उठल्यावर भाव बाजाराच्या स्वाधीन झाला.

२०२३-२४ मध्ये देशात सुमारे ८३ लाख टन तयार पोलाद आयात झाले. निर्यात सुमारे ७५ लाख टन होती. २०२४-२५ मध्ये आयात सुमारे ९५ लाख टनांवर गेली. परंतु तीत मोठा वाटा पत्र्यांचा व पत्र्यांच्या गुंडाळ्यांचा आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र शासनाने २०० दिवसांसाठी बसविलेले १२ टक्के संरक्षक शुल्कही अशा सपाट पोलादावरच होते. सळई मुख्यतः देशातच तयार होते.

मग परदेशी बाजाराची झळ सळईला लागते कशी? ती कच्च्या मालातून लागते. बळ्ळारी जिल्ह्यातील तोरणगल्लूसारख्या ठिकाणच्या झोतभट्ट्यांना कोकिंग कोळसा लागतो व देशाची त्याची गरज बहुतांशी आयातीतूनच भागते. जालन्याच्या विजेवरील भट्ट्यांना भंगार व स्पंज लोखंड लागते. भंगाराला आपल्या उद्यमबागेतील फौंड्र्यांचीही मागणी असते. २०२२ च्या आरंभी युक्रेन युद्धामुळे कोळसा भडकला आणि सळईही कडाडली. त्या वर्षी मे महिन्यात केंद्राने कोळशावरील आयातशुल्क काढून पोलादाच्या अनेक प्रकारांवर १५ टक्के निर्यातशुल्क लावले. नोव्हेंबरमध्ये ते मागे घेतले.

अशा चढउतारात ठरीव दराने काम घेतलेला लहान ठेकेदार भरडला जातो. तोटा भरून काढण्यासाठी वजनात हलकी सळई वापरण्याचा मोह तेव्हाच होतो, आणि त्याचे मोल त्या घरात राहणाऱ्यांना मोजावे लागते. म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, करारपत्रात त्या दिवसाचा सळईचा भाव नमूद करावा आणि पुढील वाढ-घट कोणी किती सोसावयाची, हे आधीच ठरवावे. दुसरी, सळई नगावर न घेता वजनावर घ्यावी. १२ मिलिमीटर जाडीच्या सळईचे वजन मीटरला ०.८८८ किलो, म्हणजे १२ मीटर लांबीच्या नगाला सुमारे १०.६६ किलो भरावयास हवे. टनात असे सुमारे ९४ नग बसतात. भारतीय मानक १७८६ नुसार या जाडीच्या मालाच्या वजनात ५ टक्क्यांपर्यंतचीच तफावत चालते. नग फार अधिक भरले, तर माल हलका आहे असे समजावे. तिसरी, मानक ब्यूरोचे चिन्ह पाहिल्याविना माल उतरवून घेऊ नये.

जगाचा बाजार आपल्या हाती नाही. काटा आणि करारपत्र मात्र आपल्या हाती आहेत. त्यांचा उपयोग आपण कराल, अशी आशा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.