जुनं एक्सपी, नव्या कॉम्प्युटरच्या पोटात

आजचा प्रश्न सीताबर्डीहून आलाय. एका श्रोत्याचं बर्डीवर डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, संस्थांचे अहवाल. वर्षानुवर्षांचं काम विंडोज एक्सपी आणि पेजमेकरमध्ये. ते मशीन आता तीनदा बटण दाबल्याशिवाय उठत नाही.

फाइली नव्या कॉम्प्युटरवर टाकल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तेव्हाच्या बहुतेक फॉन्टांत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलाच जात नसे, इंग्रजी अक्षराच्या जागी त्याचं चित्र बसवलेलं असे. फॉन्ट गेला की मजकूरही गेला.

माझं मत सरळ आहे. जुनं मशीन दुरुस्त करत बसू नका, नव्या विंडोजमध्ये व्हर्च्युअल मशीन चालवा. व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळतं. एका खिडकीत दुसरा कॉम्प्युटर चालतो, आणि त्याची हार्ड डिस्क म्हणजे तुमच्या डिस्कवरची एक मोठी फाइल. एक्सपीला ५१२ एमबी रॅम पुरते. डिस्क आयडीई कंट्रोलरवरच लावा. साटावर लावली तर एक्सपीच्या सेटअपला ती दिसतच नाही. आधी बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करा. खाली कोपऱ्यात कासवाचं चित्र दिसलं तर समजा, विंडोजचं हायपर-व्ही मध्ये आलंय. काम होतं, पण कासवाच्याच चालीनं!

खरी अडचण लॉकची. मराठी सॉफ्टवेअरचं लॉक यूएसबीचं असेल तर डिव्हाइसेस मेनूतून ते आत देता येतं. प्रिंटरच्या पोर्टात बसणारं जुनं लॉक असेल तर अवघड आहे. आधी कंपनीला फोन करून बदलून मिळतं का विचारा.

आणि आतल्या एक्सपीला इंटरनेट देऊ नका. मायक्रोसॉफ्टनं त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला बंद केला. नेटवर्क अडॅप्टर काढून टाका. फाइलींची ने-आण शेअर्ड फोल्डरमधून करा, त्यासाठी गेस्ट ॲडिशन्स लागतात.

स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका. मूळ डिस्कची फाइल बिघडली की स्नॅपशॉटही गेला. मशीन बंद करून अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा.

आणि राजेहो, एक जुनी पत्रिका, एक स्मरणिका आतल्या एक्सपीत उघडून, जोडाक्षरं नीट तपासून, छापून बघितल्याशिवाय ते जुनं मशीन भंगारवाल्याला देऊ नका.