अमरनाथ सेहगल : एका शिल्पकाराची कारकीर्द आणि एक भित्तिशिल्प



शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे नाव कलेच्या इतिहासात आढळते, त्याचप्रमाणे ते कायद्याच्या ग्रंथांतही आढळते. असा दुहेरी लौकिक कलावंताच्या वाट्याला क्वचितच येतो. यांपैकी पहिला लौकिक त्यांनी परिश्रमाने मिळविला. दुसरा त्यांच्यावर लादला गेला, असेच म्हणावे लागेल.

५ फेब्रुवारी १९२२ रोजी त्यांचा जन्म कॅम्पबेलपूर येथे झाला. हे गाव आज पाकिस्तानातील पंजाबात असून ते अटक या नावाने ओळखले जाते. मराठी माणसाला ते नाव अपरिचित नाही. लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात पदवीपर्यंतचे शिक्षण आणि बनारस हिंदू विद्यापीठात औद्योगिक रसायनशास्त्राचा अभ्यास, अशी त्यांची पूर्वतयारी होती. तिच्यात शिल्पकलेची चाहूल देणारे काहीच नव्हते. १९४७ च्या फाळणीने मात्र सारेच बदलले. जन्मभूमी सोडून आलेल्या या तरुणाने पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात कलाशिक्षणाचा अभ्यास केला आणि तांत्रिक व्यवसायाकडे पाठ फिरवून धातूला आपले माध्यम मानले.

फाळणीचे ते दुःख त्यांच्या ब्राँझ शिल्पांतून वारंवार प्रकट झाले. ‘क्राइज अनहर्ड’ म्हणजे न ऐकलेले आक्रोश, या १९५८ मधील शिल्पात आकाशाकडे हात उंचावलेल्या मानवाकृती आहेत. त्या कोणत्या धर्माच्या, कोणत्या प्रांताच्या, हे त्यांच्याकडे पाहून सांगता येत नाही. नेमके तेच शिल्पकाराला साधावयाचे होते. चेहऱ्याची ओळख पुसून टाकली म्हणजे वेदना कोणा एकाची राहत नाही. अमूर्ततेकडे झुकणाऱ्या कलेचे सामर्थ्य याहून सोप्या रीतीने समजावून सांगणे कठीण आहे. शाळेतील मुलांनाही ते कळेल.

पंचायत सदस्यांना विशेष वाटावी अशी आणखी एक गोष्ट आहे. केंद्र शासनाच्या सामूहिक विकास मंत्रालयाचे मानद कला-सल्लागार म्हणून सेहगल यांनी ग्रामीण कला केंद्रांच्या कामात लक्ष घातले होते. खेड्यातील कारागिरी आणि आधुनिक शिल्प यांच्यामध्ये त्यांना भिंत दिसत नव्हती.

ही दृष्टी सर्वांत मोठ्या प्रमाणावर साकार झाली ती नवी दिल्लीतील विज्ञान भवनात. १९५६ साली युनेस्कोची सर्वसाधारण परिषद जेथे भरली, तीच ही वास्तू. १९५७ मध्ये भारत सरकारने तिच्या दालनासाठी ब्राँझचे भित्तिशिल्प घडविण्याचे काम सेहगल यांच्याकडे सोपविले. ग्रामीण आणि आधुनिक भारताचे जीवन हा त्याचा विषय. न्यायालयीन निकालातील नोंदीनुसार त्याचा विस्तार १४० फूट लांब व ४० फूट उंच इतका होता. ते पूर्ण होण्यास पाच वर्षे लागली आणि १९६२ मध्ये ते भिंतीवर विराजमान झाले. देशोदेशींचे प्रतिनिधी त्या दालनातून ये-जा करीत. स्वतंत्र भारताच्या शासनाने आधुनिक कलेला दिलेला हा मोठाच सन्मान होता.

१९७९ साली ते भित्तिशिल्प उतरविण्यात आले आणि गोदामात ठेवण्यात आले. शिल्पकाराला सूचना दिली गेली नाही, त्याची संमती विचारली गेली नाही. काही भाग हरवले, शिल्पावरील त्याचे नाव नाहीसे झाले.

असे का घडावे? कोणाच्या दुष्ट हेतूने घडले असे मानण्याचे कारण नाही. एखाद्या थोर पुरुषाचा पुतळा हलवावयाचा झाला तर गावात सभा होतात, ठराव होतात, वृत्तपत्रांत पत्रे येतात. पुतळ्याचा चेहराच त्याची राखण करतो. अमूर्त किंवा अर्धअमूर्त शिल्पाला असा राखणदार नसतो. भिंतीचे नूतनीकरण निघाले की ते अडगळ ठरते. कार्यालयाच्या जडसंग्रह नोंदवहीत टेबले, कपाटे आणि पंखे यांच्या रांगेत जाऊन बसते, आणि त्याच रांगेतून एके दिवशी त्याचे निर्लेखनही होऊ शकते. नोंदवहीच्या रकान्यात वस्तू लिहिली जाते, कर्ता लिहिला जात नाही.

सेहगल यांनी प्रथम विनंतीअर्ज केले. त्यांचा उपयोग झाला नाही, तेव्हा त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयाकडे दाद मागितली. १९९२ मध्ये न्यायालयाने अंतरिम मनाई हुकूम दिला. शिल्पाची किंमत दिली आहे, त्याचा स्वामित्वहक्कही करारान्वये शासनाकडे आलेला आहे, अशी शासनाची बाजू होती. वरकरणी ती बिनतोड वाटते. परंतु १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ५७ ने कर्त्याला काही विशेष अधिकार दिले आहेत. कृती आपली आहे हे सांगण्याचा आणि तिची मोडतोड वा विरूपण रोखण्याचा, त्याबद्दल भरपाई मागण्याचा अधिकार स्वामित्वहक्क विकल्यानंतरही कर्त्याकडेच राहतो. २१ फेब्रुवारी २००५ रोजी निकाल लागला. कलाकृतीचा नाश हे विरूपणाचेच टोकाचे रूप होय, असे न्यायालयाने मानले. भित्तिशिल्पाचे अवशेष शिल्पकाराला परत करावेत आणि पाच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला. त्या वेळी सेहगल ८३ वर्षांचे होते. शिल्प उतरविल्याला २६ वर्षे लोटली होती.

या निकालाची मर्यादाही अधिकारीवर्गाने ध्यानी घ्यावी. कृती प्रदर्शित न करणे एवढ्याने कलम ५७ चा भंग होत नाही, असे स्पष्टीकरण त्या कलमातच आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानावरील हॉल ऑफ नेशन्स ही वास्तू एप्रिल २०१७ मध्ये पाडण्यात आली, तेव्हा वास्तुविशारद राज रेवाल यांनी याच कलमाचा आधार घेतला. परंतु २०१९ मध्ये त्याच उच्च न्यायालयाने त्यांचा दावा मान्य केला नाही. स्वतःच्या जमिनीवरील इमारत पूर्णपणे पाडण्याचा मालकाचा हक्क कलम ५७ रोखू शकत नाही, असे तेथे ठरले. म्हणजे इमारतीचा न्याय वेगळा आणि भिंतीवरून सुटे करता येणाऱ्या शिल्पाचा वेगळा, असा भेद सध्या तरी दिसतो. शाळेच्या वा पंचायतीच्या भिंतीवरील चित्र किंवा शिल्प हलविण्यापूर्वी कर्त्याला एक पत्र धाडावे, त्याची प्रत नस्तीत ठेवावी आणि नोंदवहीत त्याचे नाव लिहावे. एवढ्याने बरेच प्रसंग टळू शकतील.

सेहगल यांच्या आयुष्याचा मोठा काळ लक्झेंबर्गमध्ये गेला, तरी मायदेशाशी त्यांचा संबंध तुटला नाही. सन्मानही येत राहिले, मात्र त्यांचा क्रम विलक्षण आहे. १९९३ मध्ये ललित कला अकादमीने त्यांना आपले सदस्यत्व म्हणजे फेलोशिप बहाल केली, तेव्हा न्यायालयात ते शासनाविरुद्ध उभे होते. एका हाताने गौरव आणि दुसऱ्या हाताने कैफियत, असा तो काळ. २८ डिसेंबर २००७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर महिन्याभरातच, २००८ च्या प्रजासत्ताक दिनी जाहीर झालेल्या मानकऱ्यांत पद्मभूषणासाठी त्यांचे नाव होते.