बलोपासना आणि आहाराची मर्यादा



भीमपूर हे नाव उच्चारताच गदाधारी भीमसेनाची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहावी, हे स्वाभाविक आहे. नावाची व्युत्पत्ती काहीही असो. पण वायुपुत्र दोन होते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. एक भीमसेन, ज्याला महाभारताने वृकोदर ही पदवी दिली. आणि दुसरा मारुती, ज्याचे बळ संयमाने शोभले. बळ एकाच पित्याचे, परंतु एकाची ख्याती भोजनाची आणि दुसऱ्याची निग्रहाची. आजचा विषय या दोहोंच्या मधोमध उभा आहे. मैदा, साखर, वनस्पती तूप, डबाबंद व पाकीटबंद पदार्थ हे सर्व वर्ज्य करून, केवळ शेतातले, मळ्यातले आणि गोठ्यातले अन्न सेवन करणाऱ्या तरुणाचे शरीर चरबीवाचून पुष्ट होऊ शकते काय?

हा प्रश्न वरवर आखाड्याचा वाटतो. वस्तुतः तो घराघरांचा आहे. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील गावांत आज दोन प्रकारचे तरुण दिसतात. एक शहरातील व्यायामशाळेचे चित्र पाहून चूर्णाच्या डब्यांसाठी बापाच्या कापसाचे पैसे खर्ची घालतो आणि प्रसंगी कोणा अर्धवटाच्या सल्ल्याने सुई टोचून घेतो. दुसरा व्रतस्थ राहण्याच्या भरात अन्नच कमी करतो आणि खांद्याची हाडे दिसू लागली म्हणजे वैराग्य साधले असे मानतो. पहिल्याची सुई हृदय, यकृत आणि पुरुषत्व यांना बाधक ठरते; दुसऱ्याची उपासमार त्याचे अध्ययन आणि सेवा दोन्ही पंगू करते. दोघेही फसले आहेत, आणि दोघेही आपलेच आहेत.

आपल्या शास्त्रकारांनी या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. वाग्भटाने अष्टांगहृदयात व्यायामाची फळे सांगताना अंगाचा हलकेपणा, काम करण्याचे सामर्थ्य, मेदाचा क्षय आणि अवयव रेखीव व घट्ट होणे यांचा एकत्र निर्देश केला आहे. चरबीवाचून पुष्टी ही कल्पना परदेशातून आली असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढे एक स्थळ पाहावे. सुश्रुताने आपल्या बळाच्या अर्ध्याइतकाच व्यायाम रोज करावा असे सांगून, श्वास तोंडावाटे वाहू लागणे ही त्याची खूण दिली. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात मल्लांची प्रतवारी, त्यांचे श्रम आणि त्यांचा आहार यांस स्वतंत्र स्थान दिले. संस्कृत विद्या आणि बलविद्या यांचे वैर कधीच नव्हते.

अलीकडचे उदाहरण औंधचे. तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (1868-1951) यांनी प्रथम काही वर्षे सँडो या प्रसिद्ध युरोपीय मल्लाच्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि आपल्या संस्थानातील शाळांतून त्यांनी त्याचा प्रसार केला. त्याच औंधात स्वाध्याय मंडळ चालविणारे वेदपंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर त्यापूर्वी काही काळ हैदराबादेस वास्तव्य करून होते. त्यांनी वेदांची भाषांतरे केली, तसेच आसने व सूर्यनमस्कार यांवरही लिहिले. 1867 साली जन्मलेले हे पंडित 1968 साली निवर्तले, म्हणजे त्यांनी शंभरी ओलांडली. आणि कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, ते 57 किलो वजनाच्या गटात. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले ते पहिलेच पदक. बळ म्हणजे जडपणा नव्हे, याला यापरते प्रमाण कोणते हवे?

आता मांस वाढते कसे, ते पाहू. स्नायूवर नेहमीपेक्षा अधिक भार पडला म्हणजे त्याला दुरुस्तीची व वाढीची आज्ञा मिळते. ही क्रिया पुढे एक-दोन दिवस चालू राहते, आणि तीत लागणारी सामग्री अन्नातील प्रथिने पुरवितात. म्हणून भार, अन्न आणि निद्रा ही त्रयी. यांतील एक जरी उणे पडले तरी उरलेली दोन व्यर्थ जातात. पन्नास बैठका सहज निघू लागल्या की तेवढ्यानेच स्नायू वाढत नाही. मग संख्या तरी वाढवावी, नाहीतर खांद्यावर बियाण्याची गोणी तरी घ्यावी. मायलो नावाचा प्राचीन ग्रीक मल्ल रोज एक वासरू खांद्यावर घेई आणि वासराबरोबर त्याचे बळही वाढत गेले, अशी कथा आहे. कथा कशीही असो, तत्त्व खरे आहे. जोर, बैठका, मुगदल आणि मल्लखांब एवढ्यावर, आठवड्यातून तीन-चार दिवस क्रमाने भार वाढवीत गेल्यास, कोणत्याही यंत्राची प्रथम गरज पडत नाही. दमछाक होईपर्यंत रोज श्रमलेच पाहिजे असेही आजचे शास्त्र म्हणत नाही; येथे ते सुश्रुताच्या जवळच येते.

अन्नाचा हिशेब मात्र नीट मांडावा लागतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत 2020 साली सिद्ध झालेल्या शिफारशींनुसार सामान्य प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात. भार उचलून शरीर कमावणाऱ्यास 1.2 ते 1.6 ग्रॅम इष्ट. म्हणजे 60 किलोच्या तरुणास 72 ते 96 ग्रॅम. हे कोठून यावे? 300 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे 30 ग्रॅम. 120 ग्रॅम तूर, मूग, हरभरा यांच्या वरण-उसळीतून सुमारे 26. मूठभर म्हणजे 40 ग्रॅम शेंगदाण्यांतून 9. आणि अर्धा लिटर दूध-दह्यातून 17. बेरीज 82 झाली. एकही डबा फोडावा लागला नाही. ज्वारीत जे प्रथिनांश उणे, ते डाळीत विपुल. डाळीत जे थोडे, ते ज्वारीत आहे. आपल्या आजीने भाकरीवर वरण वाढले, तेव्हा तिने हा मेळ नकळत साधला होता. दुधाचे स्थान मात्र शाकाहारी माणसाने सोडू नये. ब-12 जीवनसत्त्व त्याला अन्य सात्त्विक अन्नातून मिळत नाही. कडधान्य भिजवून मोड आणावेत व पानात लिंबाची फोड असावी, म्हणजे लोह अंगी लागते. मराठी घरातील अंबाडी आणि तेलुगु शेजाऱ्याचा गोंगुरा ही एकच भाजी. तीही पानात असावी, आणि शेजारी जवसाची चटणी.

येथे एक इशारा अवश्य दिला पाहिजे. असे सकस अन्न चोथ्याचे असल्याने पोट लवकर भरते. कडक नियम पाळणारा तरुण त्यामुळे न कळत कमी खातो आणि वाळतो. त्याने दाणे, तीळ आणि घरचे तूप वाढवावे. महिनाभरात वजन घटत असेल तर आहार अपुरा आहे. कमरेचा घेर वाढत असेल तर तो अधिक आहे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने प्रथिने वाढविण्यापूर्वी वैद्याला विचारावे.

उपवासाविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपणच केली. साबुदाणा हा कंदाचा निव्वळ सत्त्वांश. त्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच. तो तुपात परतून पोटभर खाणे हा ना उपवास, ना पोषण. राजगिरा, भगर, दाणे, दूध आणि फळे यांवर तोच दिवस हलका व सकस जातो, आणि व्रताला बाध येत नाही.

आणि प्रसादाचे काय? उत्सवात शिऱ्याचा द्रोण पुढे आला असता आपला नियम सांगून हात आखडणारा साधक नियमाचा दास झाला, असे समजावे. प्रसाद कणभर घ्यावा, मस्तकी लावावा, मुखी घालावा. वर्षाचा नियम त्या कणाने मोडत नाही. मोडतो तो रोजच्या आळसाने.

शेवटी, हे शरीर कमवायचे कशासाठी? आरशासाठी असेल, तर आरसा पन्नाशीनंतर कोणाचेच ऐकत नाही. पण पालखीला खांदा द्यायचा आहे, पुरात अडकलेल्या वृद्धाला पाठीवर घ्यायचे आहे, बापाच्या हातातला नांगर आपल्या हाती घ्यायचा आहे, म्हातारपणी कोणावर भार न होता स्नानसंध्येला आपल्या पायांनी जायचे आहे. यासाठी असेल तर ती उपासनाच होय. रेशनच्या तांदळाने अनेक घरांतली भाकरी मागे सारली आहे. ती पुन्हा ताटात यावी, आणि देवळामागच्या मोकळ्या जागेत सकाळी चार मुले जोर काढताना दिसावीत, एवढे जरी या वर्षी घडले तरी या मेळाव्याचे सार्थक झाले.