भरती-ओहोटी आणि खडकावरील जीव



पावसाने वैनगंगा चढते, हे कारध्याच्या मुलास सांगावे लागत नाही. पण पावसाचा थेंबही नसताना पाणी दिवसातून दोनदा चढावे व दोनदा उतरावे, हे त्यास खरे वाटणे कठीण. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. म्हणून मुले भरती-ओहोटीची व्याख्या घोकतात आणि परीक्षेनंतर विसरतात.

आरंभ व्याख्येने न करता प्राण्यांपासून करावा. मालवण-रत्नागिरीकडे सकाळी पाण्याखाली असलेला खडक सहा तासांनी उन्हात तापत असतो. त्यावरील जीवांना पळ काढता येत नाही. कालव खडकास जखडलेले. ते शिंपले मिटून आत थोडे पाणी राखते. बार्नॅकल हा खेकड्यांचा आप्त, पण चुन्याच्या घरात डोके खाली करून जन्मभर बसलेला! ओहोटीत तो वरची झडप लावतो आणि भरती येताच पिसांसारखे पाय बाहेर काढून पाण्यातील सूक्ष्म अन्न ओढतो. समुद्रफूल आपल्या स्पर्शिका आत घेऊन नुसता ओलसर गोळा होऊन राहते.

हे सारे वर्गात आणता येणार नाही. धानाच्या बांधीतील पाणगोगलगाय मात्र आणता येते. बोट लावताच ती अंग आत घेते व शंखाच्या तोंडावर झाकण लावते. बांधी आटली की चिखलात रुतून, याच झाकणामागे ती कोरडे महिने काढते. खडकावरील समुद्रगोगलगायीचे झाकणही याच कामाचे. फक्त तिचा उन्हाळा काही तासांचा, आणि तो रोज येतो.

पाणी परत केव्हा येणार, हे या जीवांस कसे कळते, असा प्रश्न एखादे मूल विचारीलच. किनाऱ्यावरील काही खेकडे प्रयोगशाळेत, भरती-ओहोटी नसलेल्या पात्रात ठेवले, तरी काही दिवस भरतीच्याच वेळी अधिक हालचाल करतात. त्यांचे घड्याळ शरीरातच असते. आणि ते सूर्याच्या चोवीस तासांचे नव्हे. भरती रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा येते, कारण ती मुख्यतः चंद्रामागून जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्याचे ओढणेही त्याच रेषेत येते, तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती.

चंद्र तर कारध्यासही दिसतो. आकाश निरभ्र असेल त्या महिन्यात शुक्ल द्वितीयेपासून पंचमीपर्यंत चंद्र मावळण्याची वेळ मुलांनी घरी पाहावी व दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहावी. वेळ रोज किती पुढे सरकते, ते वजाबाकीने त्यांनीच काढावे.